बत्तीमामांचा तिसरा चहा

जेट-स्कीची बॅटरी मी उलटी जोडली. लाल वायर काळीच्या जागी आणि काळी लालच्या. ठिणगी उडाली, फट् असा आवाज झाला, जळक्या वासाचा बारीकसा धूर वर गेला. आजूबाजूला कोणी पाहिलं नाही ना, याची खात्री करून मी वायरी गुपचूप सुलट्या लावल्या. हे सगळं मी चष्मा लावून, दिवसाढवळ्या आणि पूर्ण शुद्धीत केलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र बत्तीमामांकडे नेलं तेव्हा या धुराबद्दल अवाक्षर काढलं नाही. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. कारण मामांसमोर कोणाचंही खोटं दोन कपांच्या पुढे टिकत नसे.

कप चहाचे. पनवेलजवळ विचुंब्याच्या रस्त्याला, नव्या इमारतींच्या मागे मामांची पत्र्याची शेड होती. वीटभट्टीचे ट्रक, टेम्पो, रिक्षा, जे काही विजेवाचून अडलं असेल ते तिथे यायचं. गाडी आली की मामा आधी गाडीकडे बघतच नसत. मालकाला बाकावर बसवायचे, समोरच्या टपरीवरून चहा मागवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "शेवटचा हात कोनी लावला?" मालक हमखास म्हणायचा, कोणीच नाही. मग मामा टपरीकडे बोट वर करायचे. "अजून एक चाय येऊ दे. यांचं सांगून झालं नाय."

पनवेलातले एक नावाजलेले डॉक्टर एकदा गाडी घेऊन आले होते. पहिल्या कपाला त्यांनी गाडीच्या कंपनीला शिव्या घातल्या. दुसऱ्या कपाच्या तळाशी पोचल्यावर हळूच कबूल केलं, की गाडी चालवता चालवता शहाळं पीत होते आणि ते गाडीच्या टेपवर उपडं झालं. मामा लगेच उठले, हात पुसले आणि म्हणाले, "आता कसं! रोगी बोलला. तुमाला तर म्हाईतच हाय डॉक्टर, रोगी बोलल्याबिगर औषध द्यायचं नसतं."

बत्तीमामा हे नाव त्यांना खिशातल्या बत्तीमुळे पडलं. एक छोटा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी, एवढंच हत्यार. जावयाने कौतुकाने दिलेला आकडे दाखवणारा मीटर प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खिळ्याला टांगलेला असे. मी एकदा विचारलं, मीटर का नाही वापरत? म्हणाले, "मीटर सांगतो करंट आला. बत्ती सांगते किती दमाचा आला. दारात मानूस उभा हाय म्हनून तो गोनी उचलंल असं नाय ना, सायेब!"

सायेब म्हणजे मी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन वर्ष झालं होतं, तरी मामांनी साहेबपण काढून घेतलं नव्हतं. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. मी मेहुण्याच्या नादाने समुद्रात उतरलो. अलिबागकडे त्याच्या गावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यावर फिरवून आणायचा धंदा करायचा ठरलं आणि बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून जुनी जेट-स्की, म्हणजे पाण्यावर पळणारी स्कूटर, घेतली. शनिवारी सरकारी साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्यासमोर यंत्र चाललं तर हंगामाची परवानगी, नाहीतर ती जागा रांगेतल्या पुढच्याला. आणि घरी बायकोला मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो, की बँकेपेक्षा हे बरं चालेल.

यंत्र मात्र चालायचं नाव घेत नव्हतं. बटण दाबलं की नुसतं टक् व्हायचं. बॅटरी उतरली असेल म्हणून मी ती काढून चार्ज करून आणली, आणि परत बसवताना तो वर सांगितलेला पराक्रम केला. त्यानंतर टक् सुद्धा बंद झालं. तो बुधवार होता.

गुरुवारी मेहुण्याने टेम्पोतून यंत्र शेडमध्ये उतरवलं. ट्रकवाले भोवती जमले. एकाने विचारलं, "काका, हिची चाकं कुटं पडली?" दुसरा म्हणाला, "मागं बघ, येतील पाठोपाठ." मामांनी मला बाकावर बसवलं.

पहिल्या कपाला मी म्हणालो, "हात कोणीच लावला नाही, मामा."

दुसऱ्या कपाला म्हणालो, "विकणाऱ्यानेच काहीतरी करून ठेवलं असणार."

तिसरा कप आला. एवढ्यापर्यंत कोणी गेलेलं ट्रकवाल्यांच्या आठवणीत नव्हतं. मामा उठले, यंत्राचं झाकण उघडलं, बॅटरीची लाल वायर वर धरली आणि तिच्या टोकावरचा काळा खड्डा मला दाखवला. शांतपणे विचारलं, "सायेब, ही ठिनगी आजची की कालची?"

"कालची," मी म्हणालो. "दुपारची."

ट्रकवाले खो खो हसले. मामा गर्रकन वळले. "हसता काय रं? तुमी काय काय जोडून आनलंय ते सांगू का एकेकाचं?" ट्रकवाले आपापल्या गाड्यांकडे वळले. त्या क्षणी मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हातात कप होता.

मुख्य फ्यूज जळला होता. तो बदलल्यावर हँडलसमोरचा छोटा पडदा उजळला आणि यंत्राने शिटी दिली. "देवाची कृपा, फ्यूजवर भागलं," मामा म्हणाले. मी उत्साहाने बटण दाबलं. टक्. म्हणजे मी केलेला बिघाड निघाला होता, मूळचा तसाच होता.

मी मीटर पिशवीतून काढून बॅटरीवर लावला. "बारा दाखवतोय मामा! बॅटरी उत्तम. आपण नवीन स्टार्टरच टाकू या का?"

"नवीन टाकून चालू करनं ही दुरुस्ती नाय सायेब, ती खरेदी हाय." त्यांनी बत्ती काढली. एक वायर बॅटरीच्या लाल टोकाला, दुसरी काळ्या टोकाला. बत्ती लख्ख. मग ती दुसरी वायर उचलून इंजिनाच्या अंगाला टेकवली. काजव्याइतका उजेड. बॅटरीपासून इंजिनापर्यंत जाणारी काळी वायर मधेच कुठेतरी खाल्ली गेली होती. पण ती दिसायला अगदी नवी, काळीभोर, चकचकीत.

मामांनी तिच्यावरून अंगठा फिरवत नेला. "आमची मिठागरं व्हती, सायेब. बापाबरोबर मीठ ओढलंय मी. मीठ कुटं लपतं ते मला इचारा." एका जागी अंगठा थांबला. चाकूने रबर चिरलं तर आतून मोरचुदासारखी हिरवीनिळी पूड गळाली. तांब्याचे तीन-चार धागे काय ते शिल्लक होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी ट्रकच्या जाड वायरचा तुकडा मापाने कापून, टोकांना कथिलाचा डाग देऊन, ग्रीस फासून बसवला. बटण दाबताच यंत्र असं गरजलं की टपरीवाला चहा सांडून बसला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो तर टेम्पोपाशी मामा पांढरा शर्ट घालून उभे. मी म्हटलं, "मामा, तुम्ही कशाला त्रास घेता? आता काम तर झालंय."

"काम माजं हाय, पन हात तुमचे हायत. म्हनून येतो." आणि कर्नाळ्याचं वळण येईपर्यंत ते गाढ झोपले.

किनाऱ्यावर साहेब फाइल घेऊन हजर होते. मेहुण्याने यंत्र पाण्यात ढकललं. मी लाइफ जॅकेट आवळून ऐटीत बसलो आणि बटण दाबलं. काहीच नाही. टक् सुद्धा नाही. साहेबांनी मेहुण्याकडे बघितलं, मेहुणा माझ्याकडे बघून ओरडला, "भावोजी!" त्या एका हाकेत त्याचं सगळं भविष्य होतं.

मामा गुडघाभर पाण्यात पँट दुमडून उभे होते. पुढे आले नाहीत. फक्त डावा हात वर करून मनगटावर बोट आपटलं. मला वाटलं, हेही घाई करतायत. मी घड्याळ बघून मान डोलावली आणि परत बटण दाबलं. मामांनी कपाळाला हात लावला. मग पुन्हा मनगट धरून ओढल्यासारखं केलं, तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. माझ्या मनगटाला बांधलेली लाल दोरी लोंबत होती. चालवणारा पडला तर यंत्र थांबावं म्हणून तिचं टोक बटणाशेजारी अडकवावं लागतं, त्याशिवाय ते सुरूच होत नाही. मी टोक अडकवलं, बटण दाबलं आणि सगळा किनारा दणाणला.

फेरी मारून आलो तेव्हा साहेब मामांना विचारत होते, "आधी काय बिघाड होता हिच्यात?" विचारताना नजर माझ्यावर. बॅटरी उलटी जोडणाऱ्याच्या हाती पर्यटक कोण देईल?

"खाऱ्या पान्यानं काळी वायर खाल्ली व्हती, सायेब. बदलली. आता मशीन चोख हाय."

यातला शब्दन् शब्द खरा होता. लोकांकडून खरं वदवून घेतल्याशिवाय हत्याराला हात न लावणाऱ्या मामांनी त्या खऱ्यातून मला तेवढं अलगद बाजूला काढून ठेवलं. साहेबांनी सही केली. परतीच्या वाटेवर पेणला थांबून तिघांनी मिसळ खाल्ली.

धंदा खरंच बरा चालला. पावसाळ्यात किनारा बंद असायचा, तेव्हा दर रविवारी मी मामांच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. ट्रकखाली टॉर्च धरून उजेड पाडणं, वायरी सोलणं, अशी बढती मिळत गेली. यंदा रस्ता रुंद करायला शेडची जागा गेली. मामांच्या डोळ्यांतही मोतीबिंदू उतरला होता. मुलीकडे खारघरला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी पत्रे उतरवायला जुने ट्रकवाले आले होते, शहाळंवाले डॉक्टरही येऊन गेले. मामा हसतमुख होते, पण रिकाम्या जागेकडे पाठ करून बसले होते.

मला गहिवरून आलं. म्हटलं, "मामा, तुमची विद्या अशी संपायला नको. तुमच्याकडे इतके रविवार शिकलोय. जवळच एक गाळा बघतो आणि तुमचं दुकान मी पुढे चालवतो."

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "सायेब, दुकान चालवायला गिऱ्हाइकं लागतात. तुमी गिऱ्हाईकच ऱ्हावा. त्यात तुमचा हात धरनारा कोन नाय."