पुस्तकाचं नाव सांगा

“वो मराठी का रॅक कल नीचे डाल दो. दो साल से एक किताब इश्यू नै हुई.”

लायब्ररीच्या काउंटरवरचे सर पुस्तकांचे रॅक सांभाळणाऱ्या अक्कांना सांगत होते. मी चार पावलांवर बॅगेचं टोकन शोधत होते. नीचे म्हणजे तळघर. तळघरातून मागवलेलं पुस्तक वर येत नाही, हे आमच्या विद्यापीठात सगळ्यांना माहीत आहे.

त्या रॅकवरचं एक पुस्तक मी दीड वर्ष वाचत होते, तिसऱ्या मजल्यावर, फरशीवर बसून. मराठवाड्यातल्या बायकांनी सांगितलेल्या आठवणी. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं राहणार होतं. वाचून झालं की मी ते स्वतःच जागेवर ठेवायचे. खरं तर पुस्तकं टेबलावरच ठेवा अशी पाटी आहे. संध्याकाळी अक्का ती मोजतात आणि त्यावरून कुठला रॅक वापरात आहे ते कळतं. मला हे माहीत होतं. पण टेबलावर ठेवलं असतं तर कुणीतरी कव्हर पाहिलं असतं.

घरी न नेण्याचं कारणही तेच. मराठी पुस्तकं अजून कॉम्प्युटरवर चढलेली नाहीत आणि सरांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणून नेणाऱ्याने नाव मोठ्याने सांगायचं, आणि सर ते इंग्रजी अक्षरांत रजिस्टरमध्ये लिहिणार. विषयाच्या रकान्यासाठी अर्थही विचारणार. झेरॉक्स हवी तरी आधी इश्यू. फोन आत नेता येत नाही.

माझं आडनाव हैदराबादेत कुणाला काही सांगत नाही. शाळा कॉन्व्हेंटची. विभागात कुणीतरी मला पुण्याची ठरवलं होतं, ते मी खोडलं नव्हतं.

मराठी मी शाळेतल्या हिंदीच्या जोरावर वाचते, शब्दावर बोट ठेवून. अडलेले शब्द कागदावर उतरवून मलकपेठला घरी न्यायचे. जेवताना बाबा एकेक सांगायचे, भाकरी मोडत. एकदा घास हातातच ठेवून म्हणाले, “हा शब्द तुला कुठं भेटला गं?”

“अभ्यासात आहे.”

त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांना जाऊन सात महिने झाले. शब्दांची यादी अजून करते, समोरची जागा कोरी असते. आईला विचारता येईल. विचारलं नाही.

रॅक तळघरात जाणार हे ऐकलं तेव्हाही काही वाटलं असं नाही. टोकन सापडलं, ते खिशात ठेवलं, वर गेले, पुस्तक काढलं, खाली आले. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. रांगेत माझ्यामागे आमच्याच विभागातल्या दोघी उभ्या राहिल्या. एकीने हसून मान हलवली. मीही हलवली.

सरांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. “अरे वा! आजइच बोला, आजइच गिराक आया.”

“ये तो रोज आती सार,” अक्का ट्रॉलीमागून म्हणाल्या. “फरशी पे बैठती. मैं देखती ना.”

“तो बोलना था ना, अक्का!”

“आप पूछे कब?”

मला वाटलं होतं, मला कुणी पाहत नाही.

सरांनी रजिस्टर ओढलं. “हाँ, नाम बोलो.”

मी बोलले.

“जोर से बेटा, पंखा चलरा.”

“बौद्धवाड्यातल्या बाया.”

त्यांनी एकेक अक्षर लिहिलं, मधे थांबून दोनदा विचारून. मी दोनदा सांगितलं. मागच्या दोघींचं बोलणं थांबलं होतं, की मला तसं वाटलं, माहीत नाही. मी वळले नाही.

“बौद्धवाडा बोले तो क्या?” पेन विषयाच्या रकान्यावर होतं. “इसमें क्या डालूँ?”

इतिहास म्हणता आलं असतं. समाजशास्त्र म्हणता आलं असतं. दोन्ही चाललं असतं, ते लिहून मोकळे झाले असते. मी त्या कोऱ्या चिठ्ठीकडे पाहत होते आणि बाबांनी हातातच ठेवलेला घास आठवत होता.

“गाँव के बाजू जिधर हम लोगां रहते, वो, सर. मेरे बाबा उधर के थे.”