कोरी चौकट म्हणजे चालेल

वसुधाताईंनी मला या खुर्चीवर बसवलं, हे आधी लिहिते, बाकीचं मागाहून. दुर्गाघाटावरून त्यांच्या भाच्याचा फोन आला तेव्हाही मी इथेच होते. "मावशी गेली," एवढंच तो म्हणाला... समोर उभ्या असलेल्या यात्रेकरूंना आधी खोली शोधून दिली, मग उठले. ताईंनी मध्येच उठू दिलं नसतं.

लग्न होऊन मिरजेकडच्या खेड्यातून मी बनारसला आले, तेव्हा शाळा आठवीतच सुटलेली. हिंदी येत नव्हती, गल्ल्यांत वाट चुकायची धास्ती. नवऱ्याचं रेल्वेतलं काम हंगामी, त्यामुळे मलाही काहीतरी मिळणं भाग होतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना मराठी घरांतल्या खोल्या मिळवून देणारं एक मंडळ दूधविनायकाजवळ होतं. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या ताईंनी पुस्तक वाचून त्यावर खोल्या शोधायचा प्रोग्राम लिहिला होता. कामावर बसवताना माझं शिक्षण त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण आज विचारतील आणि घरी पाठवतील, ही भीती रोज असायची.

पडद्यावर चौकटी होत्या: तळमजला, घाटाजवळ, सोवळ्याचा स्वयंपाक. यात्रेकरू सांगतील ते भरायचं, की खोल्यांची नावं यायची. सुरुवातीचे लोक चोखंदळ, सगळ्याच चौकटी भरायला लावत. मग गुडघे धरत एक आजी आल्या. जिना तेवढा नको, बाकी कसंही असो, म्हणाल्या. मी एकच चौकट भरली. उत्तर आलं, खोली नाही. आजी तिथेच पायरीवर बसल्या. मंडळाचे अध्यक्ष बघत होते. हिला जमत नाही, उद्यापासून कोणी शिकलेलं माणूस आणा, असं त्यांनी ताईंना माझ्यादेखत सांगितलं.

ताई चष्मा लावून पडद्यापुढे बसल्या. आजींना काय हवं ते पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "हिची गलती नाही, भाऊसाहेब. कोरी चौकट म्हणजे 'चालेल'. मी मशीनला सांगून बसले, कोरी म्हणजे 'नको'. घाटाजवळच्या, सोवळ्याचा स्वयंपाक असलेल्या सगळ्या खोल्या त्यानं बाद केल्या." मग दुरुस्त करा, अध्यक्ष म्हणाले. ही करील, असं म्हणत ताईंनी माझ्याकडे बोट केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, मी आठवीतच शाळा सोडलीय. "मशीन मार्कशीट मागतं का गं? बैस. पहिले लिही, सगळ्या खोल्या चालतील. मग आजी जेवढं बोलल्या, तेवढंच जोड." लिहीत, खोडत राहिले, ताई शेजारी बसून पेरू खात होत्या, हात मात्र लावत नव्हत्या. प्रोग्राम चालला, तेव्हा म्हणाल्या, आता असं कर की एकेक चौकट भरताच खालची यादी तिथल्या तिथे आखडेल. माणसाला दिसू दे, कशामुळे काय हातचं जातंय. त्याला पुढे बरेच दिवस लागले. आजींना मात्र त्याच दुपारी तळमजला मिळाला, आणि शिकलेल्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

शेवटचं भेटले तेव्हा ताईंना बोलवत नव्हतं. तरी विचारलंच, "यादी आखडते ना?" मी मान हलवली. "मग ठीक..."

प्रोग्राम तेव्हापासून किती बदलला, पहिली ओळ तीच आहे: सगळ्या खोल्या चालतील. ताई, तुमचं हे ऋण फेडीन. एक दिवस या खुर्चीपुढे कोणी घाबरलेली मुलगी उभी राहील, आणि तिच्या शिक्षणाची कोरी चौकट मी तुमच्यासारखीच वाचीन.