शिंप्याचा मंगळवार

तीस वर्षांत मला फ्लू शिवला नाही, हे कुवेंपुनगरातल्या माझ्या दुकानात मी माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलोय. त्यामुळे फ्लूवरच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या भाचीने रक्त मागितलं, तेव्हा मी राजाने जहागीर द्यावी तसा होकार दिला.

तिच्या प्रयोगशाळेत एक मशीन होतं. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातली एकेक पेशी ते वेगवेगळ्या थेंबात बसवतं आणि तिची अँटिबॉडी फ्लूच्या विषाणूला चिकटते का, ते बघतं. दिवसाला हजारो पेशी. फ्लूच्या बऱ्याच प्रकारांना चिकटणारी एक जरी सापडली, तरी भाचीची तीन वर्षांची मेहनत वाचणार होती. मशीन तिच्या वाट्याला एकच आठवडा होतं.

"म्हणजे माप न घेता हजारो शर्ट शिवायचे आणि कुठला बसतो ते बघायचं," मी म्हणालो. "असल्या कारागिराला आम्ही हाकलतो."

"शिवतं तुमचं शरीर, मामा. आम्ही सुम्ने, नुसतं बघत बसतो. आज मंगळवारी लस, पुढच्या मंगळवारी रक्त. सातव्या दिवशी त्या पेशी रक्तात भरपूर असतात, मग पांगतात."

सोबत आलेल्या बायकोनेही लस टोचून घेतली. पंखा लावला तरी शिंकणारी बाई; मी तिच्याकडे दयेने पाहिलं.

पुढच्या मंगळवारी ती एकटीच सिटी बसने जाऊन रक्त देऊन आली. मी शुक्रवारी गेलो. कडक इस्त्रीचा शर्ट, बाही आधीच दुमडलेली.

भाचीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मंगळवार सांगितला होता, मामा."

"म्हणून तर शुक्रवारी आलो," मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो. जन्मभर मी मंगळवार सांगतो आणि शुक्रवारी देतो. गिऱ्हाईकही शुक्रवारीच उगवतं. प्रयोगशाळेत मंगळवार खरोखरच मंगळवारी येतो, हे मला कोण सांगणार?

माझ्या रक्ताचे सगळे थेंब तपासून मशीनने हात झटकले. हवी ती अँटिबॉडी सापडली बायकोच्या रक्तात. आता ती शिंकली की घरातले सगळे आदराने गप्प होतात.

आपलं काम मोठ्या सभेत मांडायचं म्हणून भाचीने ब्लाउज शिवायला टाकला. मंगळवारी देतो म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मंगळवारी सकाळी घडी घालून काउंटरवर ठेवला. ती आली नाही. बुधवारीही नाही, गुरुवारीही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आली आणि स्टुलावर ऐसपैस बसली.

"सावकाश होऊ द्या, मामा," ती म्हणाली. "हुक लावायचे राहिले असतील तर थांबते मी."