दाराच्या फळीचं घर

जुना सागवान चिरला की जो वास सुटतो, तो नव्या लाकडाला कधीच येत नाही. त्यात थोडा कडवटपणा असतो, मुरलेल्या तेलाचा ओशट गंध असतो आणि कित्येक उन्हाळे मुकाट सोसलेल्या वस्तूचा एक ताठाही असतो. माघातल्या उतरत्या उन्हात अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून मी चिमणीसाठी खोकं करायला घेतलं होतं. पिवळी पानं खांद्यावर पडत होती, भुसा पायजम्यावर साचत होता, आणि त्या वासाने माझा राग निवण्याऐवजी चढतच होता.

मी चिरत होतो ती फळी माझ्या पहिल्या दाराची. पाचोडच्या बाजारात मी पडेल ते काम करत होतो तेव्हाची गोष्ट. एका शेतकऱ्याने पाडलेल्या घराचं दार विकायला आणलं होतं. उन्हं कलेपर्यंत घासाघीस करून मी ते घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून शहरात, शहागंजाच्या बाजारात आणलं. त्या दारावर माझं जुन्या लाकडाचं दुकान उभं राहिलं. पुढे किती दारं, किती चौकटी हातून गेल्या. पण त्या दाराची एक फळी मात्र मी विकली नाही, गल्ल्यामागे उभी ठेवली. गेल्या दिवाळीनंतर माझ्या मुलाने, सतीशने, दुकानात प्लायवूड भरलं आणि जुना माल मला न विचारता भंगारात काढला. फळी मी हातगाडीवरून ओढून घेतली, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आता आराम करा." बाजारात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, इतकी जिव्हारी एकही लागली नव्हती.

दुकान घेऊन त्याचं समाधान झालं नाही. त्याला अंगणात फरशी हवी होती, गाडीसाठी शेड हवी होती, आणि शेडच्या आड कडुनिंब येत होता. मी सौदा टाकला. मी खोकं करून या झाडाला लावतो. पाडव्यापर्यंत त्यात चिमणीने घर केलं तर अंगणाला हात लावायचा नाही, नाही केलं तर तू तुझं खुशाल कर. तो हसला आणि म्हणाला, "शब्द?" मी म्हणालो, "शब्द." शहागंजात माझ्या जिभेला नावं ठेवणारे खूप भेटतील, शब्दाला नावं ठेवणारा एकही भेटणार नाही.

लाकडावर जन्म गेला, पण करवत मी कधी धरली नव्हती. फळ्या तिरक्या चिरल्या गेल्या, अंगठा दोनदा ठेचला, तरी कुणाला हात लावू दिला नाही. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं भोक पाडलं, वर उतरतं छप्पर ठोकलं. मग सवयीने घात केला. आमच्या दुकानातून पॉलिश केल्याशिवाय वस्तू बाहेर पडत नसे, म्हणून मी खोकं आतून-बाहेरून असं चकचकीत केलं की दोन पावलांवरूनही वास डोक्यात जावा. तीन आठवडे चिमण्या फांदीवर आल्या, खोक्याजवळ फिरकल्यासुद्धा नाहीत. शेवटी आमचे जुने रशीदमिस्त्री भेटायला आले. आत बोट फिरवून ते म्हणाले, "सेठ, चिडिया को आईना नक्को, घर होना. पिल्लू चढेगा कैसे इसपे?" मला राग आला, कारण ते खरं बोलत होते. त्यांच्यासमोरच तळ उचकटून मी आतून रंधा न मारलेल्या लाकडासारखं होईपर्यंत कानसीने खरवडलं. उन्हात ठेवून वास जाऊ दिला आणि पुन्हा टांगलं.

तेव्हा कुठे एक चिमणी आली. भोकाशी बसायची, मान आत घालायची, मागे घ्यायची, उडून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी खुर्चीवर बसून पाहत राहिलो आणि मनात म्हणालो, हे गिऱ्हाईक पक्कं आहे. ज्याला वस्तू हवी असते तो वस्तूकडे पाहत नाही, हे मी बाजारात शिकलो. पाठ फिरवून निघालेल्या माणसाला सात पावलं जाऊ द्यायचं आणि मग हाक मारायची, हा माझा आयुष्यभराचा नेम. इथे हाक मारायची सोय नव्हती. चाळीस वर्षं बोलून जगलेल्या माणसाला फाल्गुनभर गप्प बसावं लागलं.

पाडवा आला. आमच्या हिने सकाळी त्याच झाडाचा मोहोर आणि कोवळा पाला काढला, गूळ घालून वाटला. आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला. सतीशनेही तोंड वाकडं करत खाल्ला. खोक्यात एक काडीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दारात वाळूचा ट्रॅक्टर उभा राहिला, मागून कुऱ्हाड घेतलेला माणूस आला. मी खुर्ची उचलून बुंध्याला टेकवली आणि बसलो.

"बाबा, शब्द तुमचाच होता," सतीश म्हणाला.

"माझाच होता. मोडला."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. काल ज्याचा पाला खाऊन वर्ष सुरू केलंस, त्याला आज तोडतोस? वाळू तुझ्या दुकानासमोर टाक."

ही दारात उभी होती. "उन्हात बसलात, टोपी तरी घ्या," एवढंच ती म्हणाली आणि टोपी आणून दिली. ट्रॅक्टर बराच वेळ घरघरत उभा राहिला, मग मागे सरकत गेला. सतीश माझ्याकडे न पाहता निघून गेला. उद्या तो पुन्हा येईल, हे मला ठाऊक आहे. शेवटी मुलगा माझाच आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मी शब्द फिरवला होता, आणि लाज वाटेल म्हणून वाट पाहत होतो. लाज आली नाही. वाटलं, आजवर जे जे बांधलं, आणलं, मांडून ठेवलं, ते कुणीतरी घ्यावं म्हणून. घेणारा नसेल तर वस्तू भंगार, असं मीच तर मुलाला शिकवलं होतं. डोक्यावर हे रिकामं खोकं होतं, अजून कुणीच न घेतलेलं, आणि त्यासाठी मी जन्माची पत घालवून बसलो होतो.

वर हालचाल झाली. चिमणी छपरावर येऊन बसली होती, माझ्याकडे आणि भोकाकडे पाठ करून. एकदा पाहून घेतलं, मग मी पुन्हा मान वर केली नाही.