मेंढीच्या कुशीला कान

माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिण्यात वेडंवाकडं असेल तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण मेंढीच्या पोटाबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. ते मी माझ्या कानाने ऐकलेलं आहे.

सन तीसच्या आगेमागची गोष्ट, मी बाविशीचा असेन. खेडच्या खालच्या अंगाला, जगबुडीच्या काठी आमची भातशेती. झोडणी उरकली की घाटावरून धनगर मेंढरं घेऊन उतरायचे आणि आम्ही ती आमच्या मोकळ्या मळ्यात बसवून घ्यायचो. कळप रात्रभर बसला की शेताला खत मिळे. सकाळी नदीवरचं धुकं मळ्यात शिरायचं. धुकं कुठे संपलं आणि लोकर कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. अजून डोळे मिटले की मला तेच दिसतं, आणि मध्येच कुठेतरी धुकं खोकतं.

त्या वर्षी एक गाभण मेंढी सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर, पाय मुरगळून बसली. कळपाला पुढे किनाऱ्याकडे जायचं होतं. धनगर माझ्या बापाच्या वयाचा, मी त्याला मामा म्हणायचो. तो म्हणाला, "मालक, हिला ठिवा पंधरा दिस. वाळला पेंढा घाला, पाला घाला, सांजंला मूठभर हुलगं. भाताचं शीत दावू नगा."

हुलगं म्हणजे आमचे कुळीथ. ते ठीक. पण भाताचं शीत दाखवू नका? आमच्या दारात उभं राहून? आमच्याकडे तापाला पेज, पाहुण्याला भात, बाळंतिणीला मऊ भात. बाजरीची भाकर खाणाऱ्या माणसाने आम्हाला भात शिकवावा, हे मला झोंबलं. मी तोंडाने "बरं" म्हटलं आणि तो वळणाआड गेला तसा आत जाऊन तांदूळ शिजत घालायला सांगितले.

पहिल्या दिवशी ओंजळभर दिला. तिने पातेलं चाटून लख्ख केलं. मग मी रोज वाढवत गेलो. बायको म्हणाली, "एवढा मऊ भात माझ्या बाळंतपणात नाय दिसला हो."

"तुला कुठे चार पाय आहेत?" मी म्हटलं.

कुळथाची आम्ही पिठी करून खाल्ली. मेंढी पेंढा हुंगायची आणि तोंड फिरवायची. मला वाटलं, भाताची चव कळली, आता पेंढा कशाला खाईल! उलट अभिमानच वाटला.

दहाव्या दिवशी बायको अंगणातून म्हणाली, "तुमची पाहुणी रवंथ करीत नाय." बघतो तर मेंढी मान टाकून बसलेली. दात करकरा खात होती. डावी कूस फुगून ताठ. लेंड्या नव्हत्याच, कालवलेल्या पिठासारखं काहीतरी पडलेलं, आंबट वासाचं.

कसं कोण जाणे, त्याच दुपारी धनगर परतला. पाच दिवस आधी. कळप मळ्यात सोडून तो सरळ तिच्यापाशी येऊन बसला.

"काय घातलंसा?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

त्याने तिच्या कुशीला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला. मग जमिनीवरचं ते आंबट बोटाने उचललं आणि तळहात माझ्यापुढे धरला. त्यात एक अख्खं शीत पांढरं चमकत होतं.

"पेंढ्याला शितं लागत्यात व्हय, मालक?"

बायको दारात येऊन उभी राहिली.

"खरं सांगशीला तर औषध हाय. खोटं धरून बसलासा तर दोन जीव जात्याल. तिचा आन् पोटातला."

चुकलो हा शब्द मी तोपर्यंत बापासमोरही काढला नव्हता. ऊन अंगणभर पसरलं होतं, मेंढीच्या डोळ्यांत ते पाण्यासारखं हलत होतं. तिकडे बघत मी म्हणालो, "भात. सकाळ-संध्याकाळ पातेलंभर. चुकलो, मामा."

त्याने एक शब्द वाकडा काढला नाही. बायकोकडून पापडखार मागितला, पाण्यात कालवून बांबूच्या नळीने हळूहळू पाजला. मग कळपातली एक धट्टीकट्टी मेंढी रवंथ करीत होती तिचा जबडा धरला, तोंडातला हिरवा घास काढला आणि या आजारी मेंढीच्या घशात ढकलला. तसं तीन-चारदा केलं. उसना रवंथ!

"हिच्या पोटात शेती असती बघा," तो म्हणाला. "वाळलं गवत नासवून त्याचं अन्न करणारी. लई भात पडला की समदं आंबतं, ती शेती जळून जाती. मग पेंढा तसाच पडून ऱ्हातो. मूठभर हुलगं म्हंजी त्या शेतीचं खत. तेवढ्यावर ती दुप्पट पेंढा जिरवती. लावा कान."

मी कान लावला. आत काही नव्हतं. रिकाम्या रांजणासारखं गप्प.

मी तिथेच राहिलो. लोकरीची ऊब गालाला, गवताचा आणि घामाचा वास, नदीकडून कळपाचं बें-बें. झोप होती की जाग, सांगता येत नाही. मला वाटलं आपणच पोटात आहोत आणि बाहेर कुणीतरी कान लावून बसलंय. ऊन कलायला आलं तेव्हा खोल, फार लांब, काहीतरी सरकलं. ओल्या वाळूवरून होडी ओढतात तसं. मग थांबलं. मी श्वास रोखला. पुन्हा सरकलं.

"मामा!"

"ऐकलं," तो म्हणाला. त्याने पेंढ्याची एक काडी तिच्या ओठाशी धरली. तिने ती घेतली.

तो तिला खांद्यावर घालून न्यायला निघाला तेव्हा मी आडवा गेलो. "व्याईपर्यंत राहू द्या. मी बघतो."

"हुलगं हायती?"

"पिठी करून संपवले यांनी," दारातून उत्तर आलं.

मी वाटी घेऊन शेजारच्या दारात उभा राहिलो. मागणं मला जमत नाही. शेजारी म्हणाला, "आज तुझ्याकडे कुळीथ नायत?" मी सांगितलं, "मेंढीला हवेत." तो हसला. हसू दिलं.

नवव्या दिवशी ती व्याली. ओलं, डगमगतं पिल्लू आईखाली शिरलं. बघायला आलेल्या धनगराने त्याचं पोट चाचपलं. म्हणाला, "ह्याला आत्ता निस्तं दूध. गवत कळाया महिना जाईल." मग माझ्याकडे बघून, "काहींना जास्त बी लागतो."