तिसऱ्या दिवसाचं मडकं

"ठहरो भिया, पहिल्यापासून सांगतो," असं म्हणून ते टाइपरायटरवर झाकण घालायचे. मग अर्धा तास काम बंद.

मध्य भारत हे वेगळं राज्य होतं त्या दिवसांत आम्ही दोघं परदेशीपुऱ्यातल्या एका मिलच्या ऑफिसात शेजारी बसायचो. ते टायपिस्ट, मी कारकून. त्यांची मराठी आमच्यासारखीच, वरणभातही आमच्यासारखाच, पण रविवारी चर्च. त्यामुळे त्यांना छळायला मला आयताच विषय मिळाला होता.

"तुमचे देव एक की तीन?"

"एकच. बाप, पुत्र, पवित्र आत्मा. पण देव एक."

मग पहिल्यापासून. यहुद्यांच्या देशात गोठ्यात जन्मलेला, सुताराच्या घरी वाढलेला येशू. त्याने रोगी बरे केले, रोमन सुभेदाराने त्याला क्रूसावर चढवलं, तिसऱ्या दिवशी तो कबरीतून उठला.

"देव होता, तर खाली का नाही उतरला?"

"आपली पापं अंगावर घ्यायला आला होता, भिया. उतरून कैसे चलता?"

माझा गोंधळ वाढायचा. त्यांना राग मात्र कधी यायचा नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

त्यांची बायको गेली. कबरीत मीही मूठभर माती टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, नवं मडकं घेऊन मी त्यांच्या दारात उभा. आमच्याकडे त्या दिवशी सावडायला, म्हणजे अस्थी वेचायला जातात. ते एकटे कसे जातील, एवढंच डोक्यात होतं. दार उघडल्यावर आठवलं, यांच्यात दहन कुठे असतं?

"चुकलं माझं," मी म्हणालो.

ते मडक्याकडे बघत राहिले. "तिसऱ्या दिवशी सकाळी बायका येशूच्या कबरीवर गेल्या होत्या. देहाला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन. त्यांचंही चुकलंच, तो तिथे नव्हता. चला."

मडक्यात पाणी भरून आम्ही कबरस्तानात गेलो. त्यांनी ते कबरीवर आदल्या दिवशी लावलेल्या मोगऱ्याच्या रोपाला घातलं.

"वहिनी भेटतील ना परत?" मी विचारून बसलो.

"शेवटच्या दिवशी सगळे उठतील. मानतो मी. पण आज काही समझमें येत नाही, भिया. तुम्ही सांगा, पहिल्यापासून."

मी सांगितलं. दोन ठिकाणी चुकलो, तिथे त्यांनी हळूच दुरुस्त केलं. सांगून झालं तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता.

पुढे तेही गेले, वहिनींच्या शेजारीच त्यांना पुरलं. तिसऱ्या दिवशी मी मडकं भरून नेलं, मोगऱ्याला पाणी घातलं आणि पहिल्यापासून सांगायला बसलो. तीन आणि एकापाशी अडखळलो. दुरुस्त करायला कोणी नव्हतं.