रंगुबाईचं टोपण

म्हसवडच्या अलीकडच्या वस्तीवर कुणाचंही कोकरू आजारी पडलं की ते रंगुबाईच्या मांडीवर यायचं. ती ते दोन्ही हातांवर तोलायची आणि जुन्या बाटलीचं टोपण औषधानं भरायची. लहानग्याला अर्धं, जाणत्याला पूर्ण. तिचा अंदाज कधी चुकला नव्हता.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या चार महिन्यांच्या नातवाला, बिरदेवला ताप आला. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं. इवलीशी बाटली, सोबत थेंब पाजायची काचेची नळी. "खुणेपर्यंतच," असं त्यांनी सुनेला, स्वप्नालीला बजावलं. घरी येताच नळी फुटली.

"आत्या, आता मापायचं कशानं?"

"नळीनं काय हुतंय? चिमणीला पाजल्यावानी!" रंगुबाईनं नातू हातांवर तोलला. "कोकराएवढा तर हाय."

तिनं अर्धं टोपण भरलं. दिवसातून चार वेळा. दोन दिवस.

ताप उतरला. पोर हसलं. शेजारची दगडाबाई म्हणाली, "रंगे, तुज्या हाताला लय गुण हाय बघ."

तिसऱ्या दिवशी पोर दूध ओकायला लागलं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तापाचं औषध किती पाजलं?"

स्वप्नालीनं सासूकडं पाहिलं.

"सांगितलं तेवढंच की," रंगुबाई म्हणाली.

स्वप्नालीनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाई काविळीची दुसरी कारणं शोधत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पोर झोपेतून उठेना. सुई टोचली तिथलं रक्त थांबेना. तेव्हा रंगुबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि टोपण टेबलावर ठेवलं. "यानं पाजलं, बाई."

डॉक्टरीणबाईंनी त्यात पाणी भरलं, सिरिंजनं मोजलं. अर्धं टोपणही नळीच्या खुणेच्या कितीतरी पट निघालं.

"काल सांगितलं असतं तर उतारा देऊन बघता आलं असतं. आता यकृत गेलंय."

सकाळी पोर गेलं. स्वप्नालीनं टेबलावरचं टोपण उचललं आणि पदराला बांधलं.

महिन्याभरानं वस्तीवरचा आकाराम कोकरू घेऊन आला. "मावशे, पोट फुगलंय. तुज्या हातानं तेवढं पाज."

रंगुबाईचे हात आपसूक पुढं झाले. तिनं कोकरू तोललं.

स्वप्नाली उंबऱ्यात उभी होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि टोपण सासूपुढं ठेवलं.

"पाजा की, आत्या. बिरदेवाएवढंच हाय."